सरळ पंखांची किंमत : व्हॅम्पायर, छांब आणि १ सप्टेंबर १९६५

दरवर्षी सप्टेंबर उजाडला की मराठी समाजमाध्यमांवर एक प्रसंग हमखास फिरू लागतो. १ सप्टेंबर १९६५. पाकिस्तानचे पॅटन रणगाडे छांब क्षेत्रात घुसलेले, त्यांचा रोख अखनूरच्या पुलाकडे. तो पूल पडला तर जम्मूच्या पश्चिमेकडील भारतीय फौजेची वाट तुटणार. दुपारी चारच्या सुमारास लष्करप्रमुख जनरल जयंतोनाथ चौधरी आणि हवाईदलप्रमुख अर्जनसिंग संरक्षणमंत्र्यांच्या दालनात येतात. यशवंतराव चव्हाण मंत्रिमंडळाच्या बैठकीची वाट पाहत नाहीत. पाऊण तासाच्या आत हवाईदल वापरण्याची परवानगी मिळते आणि पाच वाजून एकोणीस मिनिटांनी पठाणकोटहून पहिली विमाने आकाशात झेपावतात. हिमालयाच्या मदतीला धावलेल्या सह्याद्रीची गोष्ट इथे पूर्ण होते. टाळ्या पडतात, छायाचित्र पुढे पाठवले जाते.

झेपावलेली ती विमाने कोणती होती, हे मात्र त्या गोष्टीत नसते.

ती व्हॅम्पायर होती. ब्रिटनने दुसरे महायुद्ध चालू असताना आखलेली आणि २० सप्टेंबर १९४३ रोजी हॅटफिल्डच्या धावपट्टीवरून प्रथम उडवलेली. छांबच्या आकाशात ती पोहोचली तेव्हा त्या आराखड्याला बावीस वर्षे होत आली होती. समोर आली ती पाकिस्तानी हवाईदलाची सेबर विमाने. त्या संध्याकाळी चार व्हॅम्पायर परतली नाहीत. फ्लाइट लेफ्टनंट ए. के. भागवागर, व्ही. एम. जोशी आणि एस. भारद्वाज हे तिघे वैमानिक गेले. चौथे, फ्लाइट लेफ्टनंट पाठक, हवाईछत्रीच्या साह्याने उतरून वाचले. एकआसनी व्हॅम्पायरमध्ये इजेक्शन सीट नव्हती. विमान जळू लागले तर वैमानिकाने वरचे झाकण स्वतः उघडायचे, पट्टे सोडायचे आणि स्वतःच बाहेर पडायचे. जमिनीलगत, आठशे किलोमीटरच्या वेगात, शेपटीवर शत्रू असताना. पाठक त्यातून निसटले ही अपवादाची बाब.

या चौघांपैकी जोशी आणि पाठक ही आडनावे मराठी वाचकाला परकी वाटू नयेत. यशवंतरावांची स्तुती करणाऱ्या लेखांत मात्र ती सहसा येत नाहीत.

यशवंतरावांचा निर्णय चुकला, असा याचा अर्थ नव्हे. तो योग्य होता आणि धाडसी होता. १९६२ मध्ये हवाईदलाची लढाऊ विमाने जमिनीवरच ठेवून देशाने काय भोगले, हे त्यांना ठाऊक होते, कारण त्या पराभवाची झाडलोट करण्यासाठीच त्यांना मुंबईहून दिल्लीला बोलावले गेले होते. मंत्र्याचे काम ‘होय’ किंवा ‘नाही’ म्हणणे. त्यांनी ‘होय’ म्हटले. त्या ‘होय’वर काय आणि कसे पाठवायचे, हा प्रश्न दुसऱ्या टेबलांवरचा होता, आणि गाठोडे नेमके तिथे उघडत नाही. जो इतिहास निर्णयाचा वेग मोजतो पण विमानाचा वेग मोजत नाही, तो अर्धा इतिहास आहे.

या विषयावर एरवी दोन उत्तरे ऐकू येतात. पहिले : ब्रिटिशांनी जाता जाता आपले भंगार भारताच्या माथी मारले. दुसरे : विमान कसेही असो, आपले वैमानिक शूर होते. पहिले खोटे आहे. दुसरे खरे असूनही उत्तर नव्हे.

भंगाराची गोष्ट आधी पाहू.

फ्रँक व्हिटल या तरुण हवाईदल अधिकाऱ्याने जेट इंजिनाचे पेटंट जानेवारी १९३० मध्ये मागितले. ब्रिटिश हवाई मंत्रालयाला त्यात रस वाटला नाही. १९३५ मध्ये नूतनीकरणाचे पाच पौंड भरायची वेळ आली; मंत्रालयाने ते भरले नाहीत, व्हिटलकडे ते नव्हते, आणि पेटंट गेले. पाच पौंड! पुढे खासगी भांडवलावर पॉवर जेट्स ही कंपनी उभी राहिली आणि एप्रिल १९३७ मध्ये इंजिन प्रथम जमिनीवर धडधडले. तोवर जर्मनीत याच दिशेने काम सुरू झाले होते. हाइंकेलचे जेट विमान ऑगस्ट १९३९ मध्ये उडालेही. ब्रिटनचे पहिले, ग्लॉस्टर ई. २८/३९, उडाले १५ मे १९४१ रोजी. त्यानंतर दोन इंजिनांचे ग्लॉस्टर मिटिऑर आले, जे जुलै १९४४ पासून उडत्या बाँबच्या मागे धावू लागले. त्याच काळात डी हॅविलंड कंपनीने आखलेले एका इंजिनाचे छोटेखानी विमान म्हणजे व्हॅम्पायर.

ते विचित्र दिसे. मधे आखूड, अंड्यासारखे धड. पंखांमधून मागे गेलेले दोन दांडे. दांड्यांच्या टोकाला शेपटी. या रूपामागे साधे कारण होते. त्या काळच्या इंजिनाचा जोर बेताचा. तप्त वायू लांब नळीतून मागपर्यंत न्यावा तर वाटेत आणखी जोर वाया जातो. म्हणून नळी आखूड ठेवली, आणि मग शेपटीला धरायला दोन दांडे लावावे लागले. धडाचा पुढचा भाग धातूचा नव्हता. प्लायवूड आणि बाल्सा या हलक्या लाकडाचे थर चिकटवून तो केलेला होता. युद्धकाळात ॲल्युमिनियमची चणचण होती आणि याच कंपनीने लाकडी मॉस्किटो विमानावर हात बसवला होता. नाकाखाली २० मिलिमीटरच्या चार तोफा. चालवायला सोपे, वळायला चपळ, दुरुस्तीला स्वस्त. ३ डिसेंबर १९४५ रोजी एरिक ब्राउन यांनी ते ‘ओशन’ या विमानवाहू नौकेवर उतरवले. असे करणारे ते पहिले निखळ जेट विमान.

नोव्हेंबर १९४८ मध्ये पहिली व्हॅम्पायर भारतात आली, तेव्हा ब्रिटनच्या स्वतःच्या लढाऊ स्क्वाड्रन हेच विमान उडवत होत्या. स्वातंत्र्याला सव्वा वर्ष झालेले, काश्मीरमध्ये युद्ध चालू, आणि अशा देशाच्या हवाईदलाकडे जेट विमान! पुढे बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्यात परवान्याखाली अशी दोनशेहून अधिक विमाने बांधली गेली. त्या कारखान्याचे हात जेटवर बसले ते व्हॅम्पायरवरच. हे भंगार म्हणता येत नाही. १९४८ मध्ये केलेली ती खरेदी शहाणपणाचीच होती.

मग घोडे पेंड खाते कुठे? पंखांत.

व्हॅम्पायरचे पंख सरळ होते, जवळजवळ काटकोनात बाहेर गेलेले. वेग ध्वनीच्या जवळ जाऊ लागला की अशा पंखावरून वाहणारी हवा दाटते, धक्कालहरी उठतात, विमान थरथरते, नाक भलतीकडे वळते, सुकाणू ऐकेनासे होते. इंजिन कितीही जोरदार बसवा, ही भिंत हलत नाही. पंख मागे झुकवले की वाऱ्याला ते तिरपे भेटतात आणि भिंत पुढे सरकते. हे ज्ञान जर्मनीच्या पराभवानंतर १९४५ मध्ये सर्व विजेत्यांच्या हाती पडले. अमेरिकेने त्यावरून सेबर घडवले. मागे झुकलेल्या पंखांचे ते विमान १ ऑक्टोबर १९४७ रोजी उडाले. सोव्हिएत संघाने मिग-१५ घडवले, आणि त्यासाठी लागणारे इंजिन ब्रिटनने स्वतःच विकले. ॲटली सरकारच्या संमतीने रोल्स-रॉइसची नीन इंजिने मॉस्कोला गेली, त्यांची नक्कल झाली आणि ती मिगच्या पोटात बसली. तेच नीन फ्रान्सच्या ऑरागनमध्येही होते, ज्याला भारताने तुफानी हे नाव दिले. एकाच इंजिनाने किती घरांत चूल पेटवली!

व्हॅम्पायरची मर्यादा तिच्या जन्मदात्यांना माहीत नव्हती, असेही नाही. डी हॅविलंडने १९४६ मध्येच व्हॅम्पायरच्या धडाला झुकलेले पंख लावून डीएच १०८ हे प्रायोगिक विमान केले. २७ सप्टेंबर १९४६ रोजी ते वेगाच्या चाचणीत हवेतच मोडले आणि जेफ्री डी हॅविलंड (धाकटे) ठार झाले. व्हॅम्पायर प्रथम उडवणारे वैमानिक तेच होते. अशी तीन विमाने झाली. तिन्ही कोसळली, तिन्हींनी वैमानिकांचे बळी घेतले. ब्रिटनचे झुकल्या पंखांचे यशस्वी लढाऊ विमान हंटर, ते १९५१ मध्ये उडाले आणि १९५४ मध्ये सेवेत आले. मधली बहुतेक वर्षे ब्रिटिश हवाईदलाने मुख्यतः सरळ पंखांवर काढली. आळस म्हणा, तिजोरीतला खडखडाट म्हणा, दोन्ही होते.

आकड्यांचा अर्थ नुसत्या आकड्यांनी लागत नाही, म्हणून पुणे–नगर रस्ता डोळ्यांसमोर आणावा. रांजणगावच्या महागणपतीला जाणाऱ्यांच्या डोक्यावर लोहगावच्या सुखोई विमानांची घरघर आज नवी नाही. लोहगाव ते रांजणगाव सुमारे चाळीस किलोमीटर धरू. व्हॅम्पायरचा कमाल वेग ताशी ८८० किलोमीटरच्या घरात, सेबरचा ११०० च्या. दोघे एकाच क्षणी लोहगाव ओलांडून निघाले, तर सेबर सव्वादोन मिनिटांच्या आतच मंदिराच्या कळसावर असेल, आणि व्हॅम्पायर अजून आठ किलोमीटर मागे, कोंढापुरीच्या आसपास. हा झाला सपाट, सरळ शर्यतीचा हिशेब. लढाईत बाँब किंवा रॉकेट लादलेले व्हॅम्पायर याहून मंद, आणि सेबर उंचीवरून सूर मारत येणार म्हणजे याहून तेज. लढाई स्वीकारायची की सोडून जायचे, हे ठरवण्याचा अधिकार ज्याचा वेग जास्त त्याचा. व्हॅम्पायरच्या वैमानिकाकडे तो नव्हता. त्याच्याकडे फक्त आखूड वळण होते, आणि ते काही क्षण पुरते.

हे सारे १९६५ मध्ये नव्याने कळले असते तर दोष देणे अवघड होते. पण याची परीक्षा चौदा वर्षे आधी, दुसऱ्यांच्या रक्ताने, झालेली होती. कोरियाच्या युद्धात ऑस्ट्रेलियाच्या ७७ क्रमांकाच्या स्क्वाड्रनला १९५१ मध्ये मिटिऑर देण्यात आली. व्हॅम्पायरचीच पिढी, तेच सरळ पंख. समोर मिग-१५. १ डिसेंबर १९५१ च्या एका चकमकीत मिगच्या मोठ्या थव्याने तीन मिटिऑर पाडली. ऑस्ट्रेलियन वैमानिक भित्रे नव्हते, अननुभवी तर नव्हतेच. त्यानंतर त्या विमानांना मिगशी झुंजण्याच्या कामातून बाजूला केले गेले आणि पुढे मुख्यतः जमिनीवरील लक्ष्यांच्या कामाला लावले गेले, तेही वर सेबर पहारा देत असताना. नियम तिथेच लिहिला गेला : सरळ पंखांचे जेट जमिनीवर मारा करू शकते, परंतु डोक्यावर कोणी तरी हवे.

पाकिस्तानला अमेरिकन मदतीतून सेबर मिळू लागली १९५६ पासून. म्हणजे छांबच्या संध्याकाळी ते नऊ वर्षांचे उघड गुपित होते. भारताने त्यावर काही केले नाही असेही नाही. फ्रान्सकडून मिस्टेर आली, ब्रिटनकडून हंटर आली, इवलेसे नॅट बंगळूरला बनू लागले. तिन्हींचे पंख मागे झुकलेले. मिस्टेर तर पठाणकोटलाच उभी होती आणि त्याच संध्याकाळी व्हॅम्पायरच्या पाठोपाठ छांबवर गेलीही. तेव्हा ‘दुसरे काही नव्हतेच’ हे समर्थन टिकत नाही. ज्यांचे काम सर्वांत अवघड, त्यांना सर्वांत जुने विमान देऊन सर्वांत आधी पाठवले गेले, आणि वर पहारा ठेवला गेला नाही.

असे का झाले असावे? एक कारण पठाणकोटपासून फार दूर, कोकणच्या खाली सापडते. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला. १८ तारखेच्या सकाळी पुण्याहून उडालेल्या बारा कॅनबेरा विमानांनी दाबोळीची धावपट्टी फोडली, आणि ४५ क्रमांकाच्या स्क्वाड्रनची व्हॅम्पायर गोव्याच्या आकाशात फौजेच्या मदतीला घिरट्या घालत राहिली. त्यांना हवेत कोणी अडवले नाही, अडवणार कोण? पोर्तुगीजांचे एकही लढाऊ विमान गोव्यात नव्हते. चार वर्षांनी छांबला गेली ती याच ४५ क्रमांकाच्या स्क्वाड्रनची व्हॅम्पायर. गोव्याने या विमानाला ‘अजून चालते’ असे प्रमाणपत्र दिले, आणि रिकाम्या आकाशातील प्रमाणपत्र भरल्या आकाशात वटवायला नेले गेले. मराठी माणसाला गोवा मुक्तीचा अभिमान आहे आणि तो असावाच. त्या मोहिमेतून चुकीचा धडाही घेता येत होता, एवढे मात्र त्या अभिमानाला सोसवले पाहिजे.

आता आक्षेपांकडे. लष्कर म्हणत होते, तासाभरात मदत हवी. अंधार पडायला दीड-दोन तासच उरलेले. १९१ ब्रिगेडकडे एएमएक्स-१३ या हलक्या रणगाड्यांची एकच तुकडी, समोर पॅटनचा लोंढा. अशा घडीला विमानांची निवड करत कोण बसणार? आक्षेप वजनदार आहे. परंतु घुसखोरी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात सुरू झाली होती आणि पूर्ण महिना हाताशी होता. छांबवर मदत लागली तर कोण जाईल आणि त्यांच्यावर छत्र कोण धरेल, हा प्रश्न दुपारी चार वाजता सोडवायचा नसतो. तो ऑगस्टमध्ये सोडवून ठेवायचा असतो. घाईची सबब आदल्या महिन्याला लागू पडत नाही.

घाईची दुसरी किंमत तर सांगायलाही जड जाते. लष्कर आणि हवाईदल यांच्यात जमिनीवरून मार्गदर्शनाची नीट सोय नव्हती, आपले कोण आणि परके कोण हे धुळीत वरून ओळखता येईना. त्या दिवशीच्या हवाई माऱ्यात आपलेच काही रणगाडे आणि ३ महार बटालियनची दारूगोळ्याची वाहने जळाली, असे भारतीय बाजूच्या लिखाणातच नमूद आहे. महार रेजिमेंटचे नाव अभिमानाने घेणाऱ्या महाराष्ट्रात ही ओळ किती जणांनी वाचली असेल?

दुसरा आक्षेप असा, की जुने विमान म्हणजे निरुपयोगी हा सिद्धांतच चूक. बरोबर, चूकच आहे, आणि त्याचा पुरावा मुंबईकरांना जवळचा वाटावा. विक्रांतवरची सी हॉक विमाने सरळ पंखांचीच होती. हॉकर कंपनीचा हा आराखडा १९४७ मध्ये उडाला, त्यातही तेच नीन इंजिन. १९६५ मध्ये विक्रांत मुंबईत डागडुजीसाठी गोदीत असल्याने ती लढली नाहीत. डिसेंबर १९७१ मध्ये त्यांनी बंगालच्या उपसागरातून कॉक्स बाजार आणि चितगाववर हल्ले चढवले आणि बंदरांचे कंबरडे मोडले. चोवीस वर्षांचा आराखडा! ते जमले, कारण पूर्वेकडे पाकिस्तानी सेबर होती ती ढाक्याजवळ, आणि भारतीय हवाईदलाने तेजगावच्या धावपट्टीवर बाँब टाकून ती काही दिवसांतच जमिनीला खिळवली. सी हॉकच्या डोक्यावर आकाश मोकळे होते, कारण ते आधी मोकळे केले गेले. व्हॅम्पायरच्या वाट्याला हे आले नाही. दोन्ही विमाने एकाच मातीतली. फरक होता तो पाठवणाऱ्यांच्या तयारीत.

शौर्याच्या उत्तराबद्दल इतकेच, की ते मृतांचा सन्मान करते आणि जिवंतांची सुटका करते. ‘ते शूर होते’ असे म्हटले की त्यांना कोणत्या विमानात बसवले, हे विचारणे अप्रशस्त वाटू लागते. वस्तुतः ज्याला सेबरचा वेग माहीत होता, आपला वेग माहीत होता, बसायची खुर्ची बाहेर फेकली जाणारी नाही हेही माहीत होते, आणि तरी जो गेला, त्याच्या शौर्याचे माप ते विमान समजल्याशिवाय घेताच येत नाही.

हवाईदलाने स्वतः काय निष्कर्ष काढला, ते त्याच्या कृतीतून दिसते. व्हॅम्पायर आणि तुफानी आघाडीवरील कामातून मागे घेण्यात आली. एका संध्याकाळीच्या अनुभवाने शंभराहून अधिक विमाने हिशेबातून वजा झाली. नॅट तातडीने पठाणकोटला आणली गेली. ३ सप्टेंबरच्या सकाळी मिस्टेर विमाने छांबच्या दिशेने उंचावरून निघाली, शत्रूच्या रडारला मुद्दाम दिसतील अशी. सेबर त्यांच्यावर चालून आली तेव्हा रडारला न दिसलेली नॅट खालून वर उसळली. त्या चकमकीत सेबर पाडल्याचा दावा करणारे ट्रेव्हर कीलर वीरचक्राचे मानकरी ठरले. पाकिस्तानने तो दावा मानला नाही. ते काही असो, मिस्टेर त्या दिवशी आमिष होती आणि तरीही एकटी नव्हती. छांबवर भागवागर, जोशी आणि भारद्वाज यांना जाऊन तेव्हा दोन दिवसही पुरते झाले नव्हते.